डिकीतल्या पाट्या

त्या बुधवारी माझ्या गाडीच्या डिकीत चाळीस पाट्या होत्या. वीतभर रुंद, हातभर लांब, कडक प्लास्टिकच्या. चव घातलेला तंबाखू आणि चवीचे व्हेप विकायला या शहरात बंदी आहे, असं त्यांवर इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये छापलेलं. आमच्या शहराचा नियम नव्या वर्षापासून लागू झाला होता. दुकानादुकानांत जाऊन पाटी लावून देणं, मालकाची सही घेणं आणि त्याच्या शंकांना उत्तरं देणं हे माझं काम. ओहायोतला जानेवारी महिना, रस्त्याकडेचा बर्फ मीठ आणि चिखल खाऊन काळा पडलेला. दुपारी एका पेट्रोल पंपावरच्या दुकानात मी स्टुलावर उभी राहून पाटीला चिकटपट्टी लावत होते. तेवढ्यात ऑफिसमधल्या सहकाऱ्याचा मेसेज आला : सिनेटचं मतदान झालं, गव्हर्नरचा नकाराधिकार उलटवला.

तारीख होती 24 जानेवारी 2024.

मी पाटी हातात धरून तशीच उभी राहिले. दुकान एका गुजराती काकांचं आहे. वीस वर्षं ते त्या गल्ल्यामागे उभे आहेत. टीव्हीवरच्या बातम्यांचा पट्टा त्यांनीही वाचला असावा. त्यांनी विचारलं, "बेन, लगाना है के निकालना है?" मी म्हटलं, "काका, आज लावते. पुढचं कळलं की मी स्वतः येऊन सांगते." नियम काय आहे, असं दुकानदारानं विचारावं आणि मला उत्तर देता येऊ नये, हे माझ्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं.

मी मूळची यवतमाळची. विदर्भातल्या एका सरकारी दंत महाविद्यालयात शिकले. तिथल्या ओपीडीत रोज सकाळी रांगेत बसलेली तरुण मुलं असायची, ज्यांचं तोंड उघडत नसे. दोन बोटंही आत जात नसत. गालाची आतली कातडी पांढरी, ताठ, चामड्यासारखी. "म्याडम, तिखट खाल्लं का आग होते," एवढीच त्यांची तक्रार असे. खिशात खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या कागदावर घोटून दिलेला, अजून ओलसर. गोव्यानं 2005 साली आणि महाराष्ट्रानं 2012 साली गुटख्यावर बंदी घातली, पण ठेल्यावर घोटल्या जाणाऱ्या खर्ऱ्याला ना कारखाना ना वेष्टन. तेव्हाच माझ्या मनात एक गोष्ट बसली. मंत्रालयात बसून जो नियम होतो त्याला ठेल्यावरचा तो प्लास्टिकचा कागद दिसत नाही. तो दिसतो गावाला, शाळेच्या हेडमास्तरांना, आईला.

लग्नानंतर अमेरिकेत आले. दंतवैद्यकीचा परवाना पुन्हा मिळवण्याऐवजी सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलं आणि ओहायोची राजधानी कोलंबस, तिला लागून असलेल्या एका उपनगराच्या आरोग्य खात्यात रुजू झाले. शहराचं नाव इथं लिहीत नाही. तिथली माणसं छोट्या शहरातली आहेत, एकमेकांना ओळखतात, आणि त्यांच्या गोष्टी मला विश्वासानं कळलेल्या आहेत.

नोकरीला लागल्यावर पहिल्याच महिन्यात एक शब्द कानावर पडला : प्रिएम्प्शन. मराठीत त्याला सुटसुटीत शब्द मला अजून सापडलेला नाही. अर्थ असा, की वरच्या सरकारनं कायदा करून सांगायचं, या विषयावर आता फक्त आम्ही बोलणार. खालच्या सरकारनं यापेक्षा कडक नियम करायचा नाही, केला असेल तर तो रद्द. सासू स्वतः स्वयंपाक करत नाही आणि सुनेलाही चुलीपाशी जाऊ देत नाही, असं मी एकदा आईला फोनवर समजावून सांगितलं होतं. तिला लगेच कळलं.

ओहायोत जे झालं ते असं. डिसेंबर 2022 मध्ये कोलंबसच्या सिटी कौन्सिलनं चवीच्या तंबाखूच्या विक्रीवर बंदी घालणारा ठराव केला. अंमल 1 जानेवारी 2024 पासून. त्यात मेन्थॉलही आलं. काही दिवसांतच राज्याच्या विधिमंडळानं एका विधेयकात दुरुस्ती घुसवली. मूळ विधेयक होतं तंबाखूच्या व्यापाऱ्यांच्या बुडीत उधारीवरच्या कराबद्दल. त्यात भर पडली, की तंबाखूचं नियमन हा राज्याचा विषय आहे, शहरांचा नाही. गव्हर्नर माइक डिवाइन हे विधिमंडळातल्या बहुमताच्याच पक्षाचे, पण जानेवारी 2023 मध्ये त्यांनी नकाराधिकार वापरला. मग तीच कलमं दोन वर्षांच्या अर्थसंकल्पाच्या विधेयकात घातली गेली. त्या जाडजूड बाडात रस्ते, शाळा, तुरुंग, कर आणि मध्ये कुठंतरी तंबाखूच्या या ओळी. जुलैमध्ये गव्हर्नरनी अर्थसंकल्पावर सही केली आणि तेवढ्या ओळी खोडल्या. डिसेंबरात खालच्या सभागृहानं ती खोडणी उलटवली, जानेवारीत सिनेटनं. मी स्टुलावर उभी होते तेव्हा ही दुसरी पायरी पूर्ण झाली होती. कायदा लागू व्हायला अजून नव्वदेक दिवस होते.

आमच्या शहराचा नियम कसा झाला ते मात्र सविस्तर सांगायला हवं. मला खरं बोलायचं आहे ते त्याबद्दलच.

आमच्या कौन्सिलवर सात जण. एक शाळेत शिकवतात, एकीचं फुलांचं दुकान आहे, एक निवृत्त अग्निशामक. सुनावणी सोमवारी संध्याकाळी सात वाजता, ग्रंथालयाच्या बाजूच्या हॉलमध्ये. कुणीही चिठ्ठीवर नाव लिहून द्यावं आणि तीन मिनिटं बोलावं. त्या दिवशी सदतीस चिठ्ठ्या आल्या. एक आई पुढं आली आणि तिनं माइकजवळच्या टेबलावर एक वस्तू ठेवली. गुलाबी, चपटी, अत्तराच्या बाटलीसारखी. "ही माझ्या मुलाच्या मोज्यात सापडली. तो आठवीत आहे. मी दोन आठवडे ती हायलायटर समजून त्याच्या टेबलावर परत ठेवत होते." हॉलमध्ये कुणी हललं नाही. मग हायस्कूलच्या उपमुख्याध्यापिका. त्यांनी सांगितलं, की मुलं शाळेच्या स्वच्छतागृहात जायला घाबरतात, कारण आत इतर मुलं व्हेप ओढत बसलेली असतात, म्हणून काही मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत.

नंतर एक बाई बोलायला उठल्या. कृष्णवर्णीय, साठीच्या. त्यांचे वडील, दोन भाऊ, सगळे मेन्थॉल ओढणारे. अमेरिकेत सिगारेट ओढणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी बहुसंख्य लोक मेन्थॉलच ओढतात. तो गारवा घशाला झोंबू देत नाही, म्हणून सुरुवात सोपी आणि सुटका अवघड. 2009 च्या केंद्रीय कायद्यानं सिगारेटमधल्या बाकीच्या चवी काढल्या तेव्हा मेन्थॉलला तेवढं वगळलं. त्यांच्या वस्त्यांमध्ये मेन्थॉलच्या जाहिराती दशकानुदशकं झाल्या. बाईंनी वडिलांच्या शेवटच्या महिन्यांबद्दल सांगितलं आणि मग अशी गोष्ट बोलल्या, जी आमच्या मसुद्यात कुणाच्या ध्यानात आली नव्हती. "हा नियम मला हवा आहे. पण माझ्या नातवाच्या खिशात मेन्थॉलचं पाकीट दिसलं म्हणून पोलिसानं त्याला रस्त्यात अडवलेलं मला चालणार नाही." न्यूयॉर्कमध्ये 2014 साली सुट्या सिगारेटी विकल्याच्या संशयावरून पोलिसांनी पकडताना एरिक गार्नर यांचा जीव गेला. त्या हॉलमध्ये तो प्रसंग कुणीही विसरलेलं नव्हतं.

अग्निशामक दलातून निवृत्त झालेल्या सदस्यांनी तिथल्या तिथं शहराच्या वकिलाला विचारलं, हे कलमात स्पष्ट लिहिता येईल का? पुढच्या बैठकीत मसुदा बदलून आला : बाळगणाऱ्याला किंवा ओढणाऱ्याला कसलीही शिक्षा नाही, दंड फक्त दुकानाच्या परवान्यावर. त्या बाईंचा तीन मिनिटांचा वेळ कायद्याच्या एका कलमात उतरला. मी आयुष्यात कायदा होताना पाहिला तो हा एवढाच.

राज्याच्या विधिमंडळातही मी गेले. केंद्राच्या अनुदानावर पगार घेणाऱ्यांनी कायद्यासाठी रदबदली करायची नसते, म्हणून एक दिवसाची रजा टाकली आणि एक रहिवासी म्हणून गेले. कोलंबसच्या मध्यावरची ती घुमट नसलेली, जाड दगडी खांबांची इमारत. आत खालच्या सभागृहाचे 99 आणि सिनेटचे 33 सदस्य. समितीसमोर बोलायला मी चार तास थांबले. तिथंही तीन मिनिटंच मिळाली. पण समोरच्या खुर्च्यांपैकी निम्म्या रिकाम्या होत्या आणि बसलेल्यांपैकी एकाचंही शहर माझं शहर नव्हतं. मोज्यात सापडलेल्या वस्तूची गोष्ट मी सांगितली. कुणी प्रश्न विचारला नाही.

बाहेर पडताना व्हरांड्यात एक वयस्क गृहस्थ भेटले. कोणत्या उद्योगासाठी काम करतात ते त्यांनी लपवलं नाही. मी चांगलं बोलले असं म्हणाले, आणि पुढं म्हणाले, "तुम्ही आज आलात. मी इथं रोज असतो." बोलणं सभ्य होतं. ते वाक्य घरी येईपर्यंत गाडीत माझ्या सोबत होतं.

नंतर वाचनात आलं, की हीच गोष्ट कुणीतरी कितीतरी आधी उघडपणे कबूल केली आहे. व्हिक्टर क्रॉफर्ड हे मेरीलँड राज्याचे माजी सिनेटर, नंतर तंबाखू उद्योगाचे लॉबिस्ट. त्यांना घशाचा कॅन्सर झाला. त्यानंतर 1990 च्या दशकाच्या मध्यात त्यांनी जाहीरपणे सगळं सांगितलं आणि 1996 मध्ये ते गेले. त्यांच्या सांगण्याचा गाभा असा : गावपातळीवर आम्ही जिंकू शकत नव्हतो, म्हणून उद्योगाचा पहिला प्रयत्न नेहमी विषय वर ओढून नेण्याचा असे, केंद्राकडे जमलं तर उत्तम, नाहीतर निदान राज्याकडे, कारण राजधानीत आरोग्यवाले आमच्याशी टक्कर देऊ शकत नाहीत. माझ्या व्हरांड्यातल्या गृहस्थांच्या वाक्याचा हा जुना, लांब अर्थ.

ही खेळी ओहायोत जन्मली नाही. फ्लोरिडानं 1985 साली सार्वजनिक जागांतल्या धूम्रपानाचा राज्य कायदा केला आणि त्यातच शहरांना पुढं जायला मज्जाव केला. 1992 मध्ये ओक्लाहोमाचे खासदार माइक सायनर यांची दुरुस्ती केंद्रात मंजूर झाली : अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकू नये असा कायदा प्रत्येक राज्यानं करावा, नाहीतर केंद्राचा निधी कापला जाईल. हेतू चांगला. पण प्रत्येक राज्यात विधेयक येणार म्हटल्यावर त्या विधेयकाच्या शेपटीला प्रिएम्प्शन बांधायची संधीही प्रत्येक राज्यात आली. मुलांच्या नावानं आलेला कायदा मुलांच्याच गावाचे हात बांधून गेला, असं अनेक ठिकाणी झालं. आयोवातल्या एम्स शहरानं 2001 मध्ये उपाहारगृहांत धूम्रपानाला आळा घातला. 2003 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं तो नियम राज्य कायद्याच्या आड येतो म्हणून रद्द केला.

चित्र अगदीच काळं नाही, हेही सांगते. धूम्रपानाबाबत शहरांचे हात बांधणारी राज्यं 2004 च्या अखेरीस 19 होती, 2009 च्या अखेरीस 12 उरली. डेलावेअरनं 2002 मध्ये स्वतःचा कडक कायदा करतानाच ती गाठ सोडली. अमेरिकेची आरोग्याची जी दहा-दहा वर्षांची राष्ट्रीय उद्दिष्टं असतात, त्यांत असे कायदे शून्यावर आणण्याचं उद्दिष्ट 2010 साठी होतं, 2020 साठी होतं आणि 2030 साठीही आहे. तीन दशकं एकच उद्दिष्ट पुढं ढकलावं लागतं, यावरून गाठ किती घट्ट आहे ते कळावं.

खुद्द ओहायोत 2006 मध्ये एकाच मतपत्रिकेवर दोन प्रश्न होते. पाचव्या क्रमांकाचा प्रश्न कामाच्या ठिकाणी धूम्रपानबंदीचा. चौथ्या क्रमांकाचा प्रश्न एका बड्या सिगारेट कंपनीच्या पाठबळावर आलेला. नाव धूर कमी करण्याचं, आणि आत राज्यघटनेतच दुरुस्ती करून बार आणि बोलिंगच्या जागा मोकळ्या ठेवण्याची, शहरांचे कडक नियम पुसून टाकण्याची तरतूद. लोकांनी दोन्ही नीट वाचले. पाचवा मंजूर केला, चौथा पाडला. त्या मतदानाच्या वेळी मी इथं नव्हते, पण आमच्या खात्यातल्या जुन्या नर्स अजूनही ती रात्र सांगतात.

आता गुजराती काकांकडे परत जाते. प्रिएम्प्शनच्या बाजूनं मी जे जे ऐकलं, त्यातलं सगळ्यांत प्रामाणिक म्हणणं त्यांचं होतं. त्यांच्या पंपासमोरचा रस्ता हीच शहराची हद्द. पलीकडच्या फुटपाथवर दुसरं गाव, तिथं हा नियम नाही. "बेन, ग्राहक सिगारेट घ्यायला पलीकडे जाणार, मग दूध पण तिथूनच घेणार, पेट्रोल पण. सगळ्यांना बंद करा, माझी काही तक्रार नाही." या बोलण्यावर माझ्यापाशी झटपट उत्तर नव्हतं आणि आजही पूर्ण उत्तर नाही. छोट्या दुकानदाराचं नुकसान खरं असतं, आणि ते आकड्यांच्या तक्त्यात हरवतं. आम्ही त्यांना माल परत करण्यासाठी मुदत वाढवून दिली, पण त्यानं पलीकडचा फुटपाथ नाहीसा होत नाही.

पण राजधानीत एकसारख्या नियमाचा जो आग्रह धरला जातो, तो काकांच्या आग्रहापेक्षा वेगळा आहे. काका म्हणतात, सगळीकडे बंद करा. राजधानीतले म्हणतात, कुठंच बंद करू नका. एकसारखेपणाची एवढी काळजी असेल तर राज्यानं कोलंबसचाच नियम सगळ्या राज्याला लावावा; दुसऱ्या दिवशी आमच्या सगळ्या पाट्या एकसारख्या होतील. तसं विधेयक काही मंजूर झालेलं नाही. माझं स्वतःचं मत स्पष्ट आहे : जोतं राज्यानं घालावं, पक्कं घालावं, त्यावर भिंत किती उंच न्यायची ते गावाला ठरवू द्यावं.

राज्याचा कायदा आणि शहराचा नियम यांत माझ्या कामापुरता काय फरक पडतो, ते एका प्रसंगावरून सांगते. आम्ही तपासणी खरेदी करतो. वीस वर्षांखालचा एखादा स्वयंसेवक मुलगा दुकानात जातो, खोटं बोलत नाही, विचारलं तर स्वतःचं खरं ओळखपत्र दाखवतो आणि सिगारेटचं पाकीट मागतो. मी बाहेर गाडीत बसलेली. एकदा गल्ल्यावरच्या मुलानं पाकीट देऊन टाकलं. आत गेले तर तो भूतानी-नेपाळी कुटुंबातला, कॉलेजात शिकणारा, रात्रपाळी करून आलेला. कोलंबसमध्ये हा समाज मोठा आहे. राज्याच्या कायद्यात अल्पवयीन ग्राहकाला तंबाखू विकणं हा फौजदारी गुन्हा. प्रत्यक्षात त्यात अडकतो तो गल्ल्यावरचा माणूस, तासाच्या पगारावरचा. शहराच्या नियमात दंड दुकानाच्या परवान्यावर. पुन्हापुन्हा झालं तर परवाना काही दिवस बंद. त्या मुलाचे हात थरथरत होते. "दिदी, माझ्या कागदपत्रांवर याचं काही येईल का?" असं त्यानं हिंदीत विचारलं. नाही येणार, असं मी त्याला सांगू शकले, कारण आमच्या शहरानं तसं ठरवलं होतं. मालकानं पुढच्या महिन्यात ओळखपत्र तपासणारं यंत्र बसवलं. वरून आलेला कायदा शहराचे हात बांधतो तेव्हा फक्त बंदी जात नाही. हा परवाना जातो, हा सौम्यपणाही जातो.

आणि नवी कल्पना करून पाहण्याची जागा जाते. एकवीस वर्षांखालच्यांना तंबाखू विकू नये, हा नियम आज सगळ्या अमेरिकेत आहे. डिसेंबर 2019 पासून तो केंद्राचा कायदा आहे. पण त्याची सुरुवात वॉशिंग्टनमध्ये झाली नाही. मॅसॅच्युसेट्समधल्या नीडहॅम नावाच्या गावानं तो 2005 मध्ये एकट्यानं केला. लोक म्हणाले, पोरं शेजारच्या गावात जातील. 2006 ते 2010 या काळात तिथल्या हायस्कूलमधलं धूम्रपान 13 टक्क्यांवरून 7 टक्क्यांवर आलं. आजूबाजूच्या गावांत ते 15 वरून 12 वर. ते पाहून इतर गावं उठली. न्यूयॉर्क शहर 2013 मध्ये आलं. आमच्याकडे 2015 मध्ये अपर आर्लिंग्टन आणि बेक्स्ली, डिसेंबर 2016 मध्ये कोलंबस, मग 2019 च्या ऑक्टोबरात ओहायो राज्य, आणि दोन महिन्यांनी देश. नीडहॅमच्या हातापायांत 2005 मध्ये बेडी असती तर चौदा वर्षांनी केंद्रानं काय पाहून कायदा केला असता?

मोंटानातल्या हेलेनाची गोष्ट मला याहून जास्त छळते. जून 2002 मध्ये त्या गावानं सार्वजनिक ठिकाणी आणि कामाच्या जागी धूम्रपान बंद केलं. सहा महिने नियम चालला, मग न्यायालयाच्या आदेशानं थांबला. गावाला रुग्णालय एकच. डॉक्टरांनी नोंदी काढल्या. इतर वर्षांत त्याच सहा महिन्यांत हृदयविकाराच्या झटक्यानं सरासरी 40 जण दाखल होत. नियम होता त्या सहा महिन्यांत 24. नियम थांबल्यावर आकडा पुन्हा वर गेला. गाव छोटं, आकडे छोटे. पुढं मोठ्या अभ्यासांत घट दिसली ती यापेक्षा कमी. तरीही एका गावानं सहा महिने श्वास घेतला आणि मग तो काढून घेतला गेला, हे त्या नोंदवहीत लिहिलेलं आहे.

ओहायोच्या बाजूनं एक मोठी गोष्ट आहे, ती म्हणजे होम रूल. आम्हा मराठी माणसांना तो शब्द ऐकला की टिळक आठवतात, 1916 मधलं बेळगाव आठवतं. ओहायोच्या राज्यघटनेत तो शब्द चार वर्षं आधी, 1912 मध्ये आला : शहरांना स्वतःच्या कारभाराचा अधिकार. हा अधिकार निवडून आलेल्या कौन्सिलचा. आरोग्य मंडळाला तो नाही. टोलेडोच्या आरोग्य मंडळानं धूम्रपानबंदी केली होती, ती 2002 मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं उडवली. म्हणून आम्हाला प्रत्येक नियमासाठी त्या सोमवारच्या हॉलमध्ये जावं लागतं. ते बरंच झालं, असं मला आता वाटतं. आमच्या वकिलानं मला होम रूलचं कलम समजावून सांगितलं तेव्हा मी त्याला गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाबद्दल सांगितलं. दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार, ही त्या गावाची घोषणा. त्यानं ती इंग्रजीत करून घेतली आणि त्याच्या टेबलावर चिकटवली.

कोलंबससह डझनभराहून जास्त शहरं न्यायालयात गेली. त्यांत आमचंही होतं. जानेवारी ते एप्रिल या काळात मी रोज फोन घेत होते. बंदी आहे का? दंड होईल का? माल मागवू का? शाळेतून वेगळे फोन. नियमाचं काय होणार ते कळेना म्हणून काही दुकानांनी पाट्या उतरवून काउंटरखाली ठेवल्या, फेकल्या नाहीत. एप्रिल 2024 मध्ये फ्रँकलिन काउंटीच्या न्यायाधीशांनी राज्याचा कायदा लागू होण्याआधीच त्याला स्थगिती दिली. मे महिन्यात तो घटनाबाह्य ठरवला, कारण शहरांच्या होम रूलवर तो घाला घालतो. राज्य अपिलात गेलं.

केंद्राकडून येणारी मदतही आली नाही. मेन्थॉल सिगारेट बंद करण्याचा प्रस्ताव अन्न आणि औषध प्रशासनानं एप्रिल 2022 मध्ये मांडला होता. जानेवारी 2025 मध्ये तो मागे घेतला गेला. म्हणजे वर दोन दारं बंद, आणि उघडं एकच, ग्रंथालयाच्या बाजूचं.

मे 2024 मधल्या त्या निकालाच्या दुसऱ्या दिवशी मी काकांकडे गेले होते. येऊन सांगते असं म्हटलं होतं. त्यांनी काउंटरखालून पाटी काढली, रुमालानं पुसली आणि स्वतः स्टुलावर चढले. "पलीकडच्या गावात पण जा, बेन," एवढंच म्हणाले.

पलीकडच्या गावाच्या कौन्सिलपुढे मी आतापर्यंत दोनदा बोलले आहे. तिथं बरीच मराठी कुटुंबं राहतात. त्यांची मुलं त्याच शाळांत जातात. गणपतीला हॉल भरतो. सोमवारच्या बैठकीत मात्र आमच्यातलं कुणी दिसत नाही. तिथं बोलायला नागरिकत्व लागत नाही, मतदार असावं लागत नाही, फक्त रहिवासी असावं लागतं. दारापाशी चिठ्ठी असते, तिच्यावर नाव आणि पत्ता लिहायचा. बैठक संध्याकाळी सातला सुरू होते. हे वाचणाऱ्यांपैकी जे त्या हद्दीत राहतात, त्यांनी एका सोमवारी यावं. तीन मिनिटं तुमची आहेत.